मुरलेला इंग्रजी शिक्षक ओळखायचा कसा?

वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या एखाद्या बाईंचं काम चांगलं आहे की नाही, हे कोण ठरवतं? महाराष्ट्रात याची उत्तरं ठरलेली आहेत. दहावीचा निकाल, मुख्याध्यापकांनी लिहिलेला गोपनीय अहवाल आणि सेवापुस्तकातली वर्षं. 12 वर्षं भरली की वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 भरली की निवड श्रेणी, आणि त्यासाठी पूर्ण करायचं प्रशिक्षण. यातल्या एकाही कागदावरून त्या बाई वर्गात नेमकं काय करतात ते कळत नाही. निकालात मुलांची खासगी शिकवणी, घरचं वातावरण, पेपर सोपा होता की अवघड, सगळंच मिसळलेलं असतं. आणि वर्षं तर सगळ्यांचीच भरतात.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनांनी 1999 च्या सुमारास तो स्वतःच्या हातात घेतला. उत्तर शोधताना त्यांनी जी पद्धत वापरली, ती मला या विषयातली आजवरची सर्वांत शहाणी पद्धत वाटते. इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांपर्यंत ती पोहोचावी म्हणून हा लेख.

शिक्षकांसाठीची मानकं दोन वेगवेगळ्या कामांसाठी लिहिली जातात. ही कामं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पहिलं काम उंबरठ्याचं. वर्गात पाऊल ठेवायला किमान काय लागतं ते सांगायचं: डी.एड. किंवा बी.एड., टीईटी, विषयाची पदवी. कुणाला आत घ्यायचं नाही, हे या मानकावरून ठरतं. ते सरकारनेच ठरवावं, कारण मुलांच्या हिताची जबाबदारी शेवटी सरकारवर येते. दुसरं काम वेगळं आहे. पंधरा-वीस वर्षं विचारपूर्वक शिकवल्यावर माणूस जिथे पोहोचतो, त्या टप्प्याचं वर्णन करायचं. अशा शिक्षकाला मी इथे निष्णात म्हणेन. त्याच्याबद्दल सरकारकडे सांगण्यासारखं फार थोडं असतं. ते ज्ञान वर्गात उभं राहणाऱ्यांकडे असतं, आणि त्यातलं बरंचसं त्यांनीही कधी शब्दांत मांडलेलं नसतं.

मानक पुरं व्हायला काय काय लागतं, हे ऑस्ट्रेलियातले शिक्षण संशोधक लॉरेन्स इंग्वर्सन अनेक वर्षं समजावत आले आहेत. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: शिक्षकाला काय माहीत असावं आणि काय करता यावं ते लिहिणं हा झाला पहिला भाग. ते त्याला येतं याचा पुरावा कोणता मानायचा, हा दुसरा. आणि तो पुरावा समोर आल्यावर कितपत चांगलं म्हणजे पुरेसं चांगलं, हा तिसरा. बहुतेक सरकारी दस्तऐवज पहिल्या भागावर थांबतात. सुंदर छापलेली पुस्तिका निघते, ती शाळेच्या कपाटात जाते. दुसरा आणि तिसरा भाग नसेल तर तिचा उपयोग भाषणात उद्धृत करण्यापुरताच.

दुसऱ्या कामाकडे गंभीरपणे पहिल्यांदा वळली ती अमेरिका. 1986 साली ‘कार्नेगी फोरम’ या शिक्षणविषयक अभ्यासगटाच्या एका अहवालाने शिफारस केली आणि 1987 साली ‘नॅशनल बोर्ड फॉर प्रोफेशनल टीचिंग स्टँडर्ड्स’ ही संस्था उभी राहिली. ही संस्था सरकारी नाही. तिच्या संचालक मंडळात शिक्षकांचं बहुमत ठेवलं गेलं आणि तिचं प्रमाणपत्र घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे. सगळ्या शिक्षकांसाठी एकच प्रमाणपत्र न ठेवता विषय आणि मुलांचा वयोगट यांनुसार वेगवेगळी प्रमाणपत्रं आखली गेली. किशोरवयीन मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांचं प्रमाणपत्र अगदी पहिल्या काही प्रमाणपत्रांमध्ये होतं.

विषयानुसार वेगळं प्रमाणपत्र कशाला, असं कुणीही विचारेल. मुलांना बोलतं करणं, नीट नियोजन करणं, वर्गावर लक्ष ठेवणं या गोष्टी गणिताच्या सरांना लागतात तशाच इंग्रजीच्या बाईंनाही लागतात. या शंकेचं सर्वांत चांगलं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ली शुलमन यांच्या कामात आहे. या अमेरिकन बोर्डाच्या परीक्षापद्धतीचा पाया घालणाऱ्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांनीच केलं. 1987 च्या एका निबंधात त्यांनी ‘कॉलीन’ या नावाने एका नवख्या इंग्रजी शिक्षिकेबद्दल लिहिलं आहे. साहित्याचा तिचा अभ्यास पक्का. साहित्याच्या तासाला ती प्रश्न विचारायची, मुलांनी लावलेले अर्थ ऐकून घ्यायची, चर्चा लांबली तरी लांबू द्यायची. तीच कॉलीन व्याकरणाच्या तासाला ओळखू येईना. ती भराभर पुढे जात राहिली, मुलांना बोलायला फट ठेवली नाही. नंतर तिने मोकळेपणाने सांगितलं, की पुढे बसणाऱ्या एका चौकस मुलाशी आपण मुद्दाम नजरानजर टाळत होतो. ते मूल नेहमी चांगले प्रश्न विचारायचं, आणि त्या दिवशीच्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला देता येतील याची खात्री तिला नव्हती.

आता ‘शिक्षक विद्यार्थ्यांना चर्चेत सहभागी करून घेतो’ हा रकाना भरायला एक तपासणी अधिकारी कॉलीनच्या वर्गात आले असं समजा. साहित्याच्या तासाला आले तर बरोबरची खूण, व्याकरणाच्या तासाला आले तर फुली. फुली पाहून ते तिला ‘विद्यार्थिकेंद्रित अध्यापन’ या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवतील. ते तर तिला उत्तम येत होतं. येत नव्हतं ते व्याकरण. विषय बाजूला ठेवून शिकवण्याचं मोजमाप केलं की औषध भलत्याच दुखण्याला दिलं जातं. शुलमन यांचं म्हणणं असं, की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची सर्वसाधारण हातोटी यांच्यापलीकडे शिक्षकाकडे तिसरं एक ज्ञान असतं: हा अमुक मजकूर या अमुक मुलांना समजेल असा कसा मांडायचा, ती कुठे अडखळतील, आणि अडखळली तर कुठून हात द्यायचा. निष्णात शिक्षकाचं वर्णन म्हणजे मुख्यतः या तिसऱ्या ज्ञानाचं वर्णन.

ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात वारं दुसऱ्याच दिशेने वाहत होतं. राज्याराज्यांचे शिक्षण विभाग शिक्षकांच्या क्षमतांच्या याद्या तयार करत होते. एडिथ कोवन विद्यापीठातले बिल लाउडन यांनी 2000 साली या पहिल्या पिढीच्या मानकांची झडती घेतली. याद्या लांबलचक आहेत, भाषा कळत नाही, विषयाचा पत्ता नाही, कुठला वर्ग आणि कुठली मुलं याचा संदर्भ नाही, शिक्षकांच्या कामांत नवी कामं मात्र वाढवली आहेत, आणि हे सगळं तपासायची भक्कम पद्धत कुठेच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मानकं थोडकी असावीत, स्पष्ट असावीत, विषयाशी जोडलेली असावीत, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडचं कुठलंही तपासणीचं प्रपत्र काढून लाउडन यांचे आक्षेप त्याला लावून पाहावेत. बहुतेक सगळे लागू होतील.

याच काळात इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय संघटना आणि साक्षरता शिक्षकांची राष्ट्रीय संघटना अशा दोन संघटना एकत्र आल्या. मोनॅश, क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आणि एडिथ कोवन या विद्यापीठांतले संशोधक त्यांच्यासोबत होते, संशोधन परिषदेचा निधी होता. प्रकल्पाचं नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्टेला’ पडलं. व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या तीन राज्यांत वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट बसले. आणि त्यांनी विधानं लिहिण्याआधी गोष्टी लिहिल्या. आपल्या वर्गात घडलेले प्रसंग, जसे घडले तसे, अडलेल्या जागांसकट. मग ते एकमेकांना वाचायला दिले, त्यांवर बोलले, आणि त्या बोलण्यातून विधानं वर आली.

हा उलटा क्रम का महत्त्वाचा, ते एका प्रसंगातून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. मेलबर्नच्या एका उपनगरातला आठवीचा वर्ग. निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. ‘माझ्या घरातलं एक माणूस’ यावर लिहायला सांगितलंय. घरी व्हिएतनामी बोलणारा एक मुलगा लिहितो: ‘माय ग्रँडमदर, शी डोन्ट लाइक द सी.’ आणि पुढे चार ओळी घरातल्या टीव्हीबद्दल.

एक शिक्षक लाल पेन घेईल. ‘शी’ खोडेल, ‘डोन्ट’चं ‘डझन्ट’ करेल. दुसरा ‘गुड एफर्ट’ लिहून वही परत देईल. दोघांनीही काहीतरी केलं, दोघांच्याही कामाची नोंद होईल.

तिसरी शिक्षिका ते वाक्य दोनदा वाचते. आधी ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं नाव घ्यायचं आणि मग त्याबद्दल सांगायचं, ही वाक्याची ठेवण त्याच्या घरच्या भाषेत सहज येते हे तिला माहीत आहे. त्या भाषेत क्रियापद माणसानुसार बदलत नाही हेही माहीत आहे, त्यामुळे ‘डोन्ट’ हा निष्काळजीपणा नाही हे तिला कळतं. पण वही हातात घेतल्यावर ती यातलं काहीच बोलत नाही. ती विचारते, ‘आजीला समुद्र का आवडत नाही रे?’ मुलगा सांगायला लागतो. बोटीतून देश सोडून आल्याचं, पाणी संपल्याचं, आजी आजही किनाऱ्यावर जात नाही ते. ती म्हणते, ‘टीव्हीचं राहू दे. हे लिही.’ पुढच्या आठवड्यात दीड पान येतं. त्यानंतर ती अशीच चूक करणाऱ्या चौघांना बाजूला घेऊन दहा मिनिटांत ‘डझन्ट’ शिकवते. आणि ‘माय ग्रँडमदर, शी’बद्दल ती त्या मुलाला सांगते, की गोष्ट सांगताना ही ठेवण वाक्याला जोर देते, तुला हवी तर इथे राहू दे; परीक्षेच्या निबंधात मात्र परीक्षक ती चूक धरतील, तिथे ‘माय ग्रँडमदर डझन्ट’ असंच लिही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवते.

आता हे मानक म्हणून लिहून पाहा. ‘शिक्षक विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करतो.’ तिने पहिल्या दिवशी दुरुस्त केल्या नाहीत, आणि तेच बरोबर होतं. ‘शिक्षक विद्यार्थ्यांना प्रोत्साहन देतो.’ ते तर ‘गुड एफर्ट’वाल्यानेही दिलं. ‘शिक्षकाला विद्यार्थ्यांच्या मातृभाषांची वैशिष्ट्यं ज्ञात असतात.’ खरं आहे, पण नुसतं माहीत असून भागलं नसतं. ते कधी बोलायचं नाही हेही कळावं लागलं. तिचं सगळं कौशल्य क्रमात होतं. आधी आशय, मग मसुदा, मग व्याकरण, आणि शेवटी निवडीचं स्वातंत्र्य. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत, समजा परीक्षा आठवड्यावर आलेली असताना, तिने क्रम बदलला असता आणि तेही योग्य ठरलं असतं. यादीत हे मावत नाही. गोष्टीत मावतं.

म्हणून स्टेलाने विधानं मोजकी ठेवली आणि त्यांच्या पाठीशी शिक्षकांनी लिहिलेली कथनं आणि स्वतःला विचारायचे प्रश्न उभे केले. 2002 मध्ये हे काम पुरं झालं. त्याचे तीन विभाग आहेत: व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक काम आणि व्यवसायाशी असलेली बांधिलकी. ज्ञानाच्या विभागात तीन विधानं: शिक्षक आपल्या मुलांना ओळखतो, आपला विषय ओळखतो, आणि मुलं भाषेवर प्रभावी पकड कशी मिळवतात हे जाणतो. कामाच्या विभागात शिकणं परिणामकारक व्हावं म्हणून नियोजन करणं, आव्हान देणारं वातावरण तयार करणं आणि टिकवणं, मुलांच्या शिकण्याचं मूल्यमापन करून पुढची दिशा ठरवणं. बांधिलकीच्या विभागात निष्ठा, स्वतः शिकत राहणं, आणि व्यवसायात व समाजात सक्रिय असणं. एवढंच. नुसती विधानं वाचली तर ती साधीच वाटतील. ‘मुलांना ओळखतो’ हे कुणालाही लिहिता येईल. पण त्या विधानाला एखाद्या शिक्षकाचं कथन जोडलेलं असलं, की ‘ओळखणं’ म्हणजे किती खोलवर ओळखणं हे वाचणाऱ्याला दिसतं. विधान आणि कथन मिळून मानक होतं, एकटं विधान होत नाही.

इंग्रजीच्या बाबतीत हे काम गणितापेक्षा अवघड होतं असं मला वाटतं. गणित शिक्षकांनी आणि विज्ञान शिक्षकांनीही 2002 च्या आसपास आपापली मानकं केली आणि ती चांगली आहेत. पण इंग्रजी म्हणजे नेमकं काय शिकवायचं यावरच इंग्रजी शिक्षकांचं एकमत नसतं. कुणासाठी तो अभिजात साहित्याचा विषय आहे, कुणासाठी रोजच्या व्यवहाराच्या लेखन-वाचनाचा, कुणासाठी जाहिराती आणि बातम्या यांची उलटतपासणी करायला शिकवण्याचा. व्याकरण किती आणि केव्हा, यावर तर पिढ्यान् पिढ्या भांडणं आहेत. अशा ठिकाणी बाहेरून यादी आली की ती एका बाजूची होते, आणि दुसऱ्या बाजूचे उत्तम शिक्षकही नापास ठरतात. कथनांमुळे वेगवेगळ्या विचारांचे शिक्षक एकाच टेबलाशी बसू शकले. साहित्यावर जीव असणाऱ्यालाही दुसऱ्याच्या वर्गातला प्रसंग वाचून ‘हे काम चांगलं आहे’ असं म्हणता येतं.

कथनांची पद्धत निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. छान लिहिणारा शिक्षक छान शिकवतोच असं नाही. आपल्याच वर्गाची गोष्ट सांगताना माणूस नकळत स्वतःला उजेडात ठेवतो, आणि त्या प्रसंगाबद्दल मुलांचं काय म्हणणं होतं ते कथनात येत नाही. इंग्वर्सन यांच्या तीन भागांच्या हिशेबाने पाहिलं तर स्टेलाने पहिला भाग अतिशय उत्तम केला आणि उरलेले दोन मोकळे सोडले. त्यातल्या काही मंडळींना ते मोकळे सोडायचेच होते. मानकं एकदा मोजपट्टी झाली की तिच्याने शिक्षकांवर पाळत ठेवली जाईल, ही भीती इंग्रजी शिक्षकांमध्ये होती आणि ती निराधार नव्हती.

पुराव्याचा भाग अमेरिकन बोर्डाने कसा सोडवला ते त्यामुळे पाहण्यासारखं आहे. आजच्या पद्धतीत चार भाग आहेत. एक विषयज्ञानाची संगणकावरची परीक्षा. दुसऱ्या भागात मुलांच्या कामाचे नमुने द्यायचे आणि कुणाला काय का शिकवलं, त्यातून पुढे काय झालं, याचं विश्लेषण लिहायचं. तिसऱ्यात आपल्या वर्गाचं चित्रीकरण पाठवायचं, आणि त्यासोबत त्या तासाचं परखड विश्लेषण. चौथ्यात मूल्यमापनाचा वापर, पालक आणि सहकाऱ्यांबरोबरचं काम. हे सगळं तपासतात ते त्याच विषयाचे प्रशिक्षित शिक्षक. वर कल्पिलेल्या शिक्षिकेने त्या मुलाचे दोन्ही मसुदे आणि ‘मी पहिल्या दिवशी चूक का दाखवली नाही’ याचं स्पष्टीकरण पाठवलं असतं, तर तिचं कौशल्य तपासणाऱ्याला दिसलं असतं. लाल पेनवाल्याला मात्र आपल्या कृतीचं कारण मुलांच्या कामातून सिद्ध करताना घाम फुटला असता.

हे स्वस्त नाही. प्रत्येक भागाचं शुल्क 475 डॉलर, म्हणजे चार भागांचे 1,900 डॉलर. काही राज्यं ते भरतात आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांना पगारात वाढही देतात. आजवर 1,30,000 हून अधिक शिक्षकांनी हे प्रमाणपत्र मिळवलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2008 साली या सगळ्याचा आढावा घेतला. प्रमाणपत्रधारक शिक्षकांची मुलं परीक्षांत सरासरीने काहीशी अधिक प्रगती करतात असं आढळलं. पण प्रमाणपत्राच्या प्रक्रियेतून जाण्याने शिक्षक सुधारतो, की आधीच चांगला असलेला शिक्षक त्या प्रक्रियेतून फक्त ओळखला जातो, याचा निवाडा उपलब्ध पुराव्यावरून करता आला नाही. मला तरी ओळखला जाणं हीच लहान गोष्ट वाटत नाही. चांगला शिक्षक ओळखला गेला तर त्याला वर्ग सोडून मुख्याध्यापक किंवा अधिकारी न होताही बढतीची वाट मिळते. आज आपल्याकडे ती वाट नाही. उत्तम शिकवणाऱ्याला वर चढायचं असेल तर शिकवणं कमी करावं लागतं.

ऑस्ट्रेलियात पुढे काय झालं? 2010 साली शिक्षण आणि शालेय नेतृत्वासाठी एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली, तिचं संक्षिप्त नाव ‘एटसल’. 2011 साली तिने देशभरातल्या सगळ्या शिक्षकांसाठी एकच मानकसंच जाहीर केला: 7 मानकं, त्यांखाली 37 मुद्दे, आणि नवपदवीधर, कुशल, अतिनिष्णात व अग्रणी असे कारकिर्दीचे 4 टप्पे. ज्ञान, काम आणि बांधिलकी हे तीन विभाग त्यातही आहेत. पहिले दोन टप्पे नोंदणीशी जोडलेले, वरचे दोन ऐच्छिक. वरच्या टप्प्यांसाठी शिक्षक पुरावे जमवतो, सहकाऱ्यांची साक्ष देतो, बाहेरचे परीक्षक त्याचा वर्ग पाहतात.

यात मिळालं बरंच. देशभर एक भाषा आली, एका राज्यातला शिक्षक दुसऱ्या राज्यात गेला तर त्याची गुणवत्ता त्याच्यासोबत जाते, आणि पुरावा व पातळी हे दोन रखडलेले भाग मार्गी लागले. गेला तो विषय. बालवाडीच्या ताईंपासून बारावीच्या भौतिकशास्त्राच्या सरांपर्यंत सगळ्यांना तेच 37 मुद्दे. ‘विषयाचा आशय आणि तो शिकवण्याच्या पद्धती’ हा त्यातला एक मुद्दा, आणि त्या एका मुद्द्यात इंग्रजी शिक्षकाचं सगळं आयुष्य बसवायचं. कॉलीनला व्याकरणाच्या तासाला काय झालं होतं ते यातून पुन्हा निसटतं. विषयसंघटनांनी आपल्या मानकांचा आधार घेऊन या सामान्य मानकांना विषयाचा अर्थ द्यायचा प्रयत्न केला, पण अधिकृत प्रमाणपत्र सामान्य मानकांवरच मिळतं. सरकारला सगळ्यांना लागू होईल असा एकच साचा सोयीचा असतो, म्हणून हे असं होणं स्वाभाविक होतं. तरीही ते मला नुकसानीचं वाटतं.

भारतात नेमका हाच टप्पा आता आला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं करायला सांगितली. ती एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने करायची, राज्यांच्या संस्थांशी आणि वेगवेगळ्या स्तरांवरच्या व प्रदेशांतल्या शिक्षकांशी सल्लामसलत करून. पगारवाढ आणि बढती केवळ सेवाज्येष्ठतेवर न देता या मानकांच्या आधारे होणाऱ्या मूल्यमापनावर द्यावी, असंही धोरणात म्हटलं आहे. म्हणजे 12 आणि 24 वर्षांचा आपला हिशेब उद्या बदलू शकतो. 2021 मध्ये एनसीटीईने मसुदा चर्चेसाठी खुला केला. तो सगळ्या विषयांच्या शिक्षकांसाठी एकच आहे.

महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षकांनी इथे बोलायलाच हवं. 2000-01 पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. गावातल्या दोन शिक्षकी शाळेत ते शिकवणारे गुरुजी इंग्रजीचे पदवीधर असतीलच असं नाही. तेच गणितही घेतात आणि परिसर अभ्यासही. त्यांच्यासाठी निष्णात इंग्रजी शिक्षकाचं वर्णन मेलबर्नच्या शिक्षकापेक्षा वेगळं असणार. सातवीतली मुलगी लिहिते, ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर आर यू गोइंग.’ मराठी येणाऱ्याला लगेच दिसतं, की ‘मी त्याला विचारलं की तू कुठे चाललास’ हे वाक्य तिने जसंच्या तसं उचललं आहे. तो ‘की’ मराठीत लागतो, इंग्रजी प्रश्नात लागत नाही. शिवाय मराठीत समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवता येतं, इंग्रजीत सर्वनाम, काळ आणि शब्दांचा क्रम बदलावा लागतो. हे चार वेगळे धडे आहेत. ते एकदम शिकवायचे की एकेक, मराठी वाक्य फळ्यावर शेजारी लिहून शिकवायचे की नाही, मुलगी आत्ता बोलायला लागली आहे तर आज काहीच न म्हणता सोडून द्यायचं का, हे ठरवणारे गुरुजी आणि बाई आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. त्यांचं हे ज्ञान कुठल्याही मसुद्यात नाही, कारण ते कुणी लिहून घेतलेलं नाही.

लिहून घ्यायला नवी संस्था लागत नाही. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचून झाल्यावर एका शिक्षकाने आपल्या इंग्रजीच्या वर्गातला एक प्रसंग वाचावा: मुलाने काय लिहिलं किंवा म्हटलं, मी काय केलं, का केलं, पुढे काय झालं. सोबत मुलाच्या वहीचं पान. बाकीच्यांनी विचारावं, ‘इथे तुम्ही दुसरं काय करू शकला असता?’ अशी वीस-पंचवीस कथनं जमली की त्यांत समान काय आहे ते आपोआप दिसायला लागतं, आणि मग विधान लिहायला बसावं. धोरणात या मानकांचा पहिला राष्ट्रीय फेरआढावा 2030 साली घ्यायचा असं लिहून ठेवलं आहे, त्यानंतर दर दहा वर्षांनी. त्या वेळी समितीने ‘इंग्रजी शिक्षकांचं वेगळं काय असतं?’ असं विचारलं, तर तिच्यापुढे ठेवायला आपल्याकडे वहीच्या पानांसकट शेदोनशे कथनं असायला हवीत. त्यासाठीचं काम येत्या महिन्याच्या परिषदेपासून सुरू करता येईल.